डब्यातलं तेल, डबीतल्या कॅप्सूल आणि धमनीतला अडथळा

अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर ‘एलएडी ७० टक्के’, म्हणजे हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीत ७० टक्के अडथळा, असं आलं की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवसांत उपायांची रांग लागते. लिंबू-आलं-लसूण-व्हिनेगर आटवून मध घातलेली बाटली, पिंपळाच्या पानांचा काढा, सकाळी ग्लासभर दुधीचा रस, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, आणि स्वयंपाकघरात एक नवं महागडं तेल. आश्वासन सगळ्यांचं एकच असतं, की नळ्या साफ होतील.

घोळ त्या ‘नळ्या’ शब्दापासूनच सुरू होतो. मोरीच्या पाइपाला आतून मेणचट थर चिकटतो, तसं धमनीत होत नाही. धमनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहणारे, कण त्या अस्तराखाली, भिंतीच्या आत शिरून अडकतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. मग त्यावर तंतूंचं झाकण तयार होतं, पुढे कॅल्शियम साचतं. घराच्या भिंतीत ओल मुरते ना, तसला हा प्रकार आहे. पोटातून रक्तात गेलेलं कुठलंही तेल किंवा लिंबू त्या थराला घासू शकत नाही, कारण थर अस्तराच्या पलीकडे आहे. शिवाय हार्ट अटॅक बरेचदा येतो तो झाकण फुटून त्यावर गुठळी झाल्यामुळे, आणि ही फुटणारी जागा अँजिओग्राफीत कित्येकदा ५० टक्क्यांहूनही कमी अरुंद दिसलेली असते. त्यामुळे ‘७० चे ४० झाले का?’ या प्रश्नात अर्धीच गोष्ट येते.

थर अजिबात मागे जात नाही, असं मात्र नाही. जातो, पण किती, ते आकड्यांत बघा. २००६ च्या ‘अ‍ॅस्टेरॉइड’ अभ्यासात रोज ४० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांपैकी एक, दोन वर्षं दिलं. एलडीएल (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) सरासरी १३० वरून ६१ वर आलं आणि धमनीच्या आत सोनोग्राफीची बारीक नळी घालून मोजलं तेव्हा थराचं प्रमाण सुमारे १ टक्क्याने घटलं होतं. २०१६ च्या ‘ग्लॅगोव्ह’मध्ये स्टॅटिनवर इव्होलोक्युमॅब या एलडीएल उतरवणाऱ्या औषधाची इंजेक्शनं जोडली, एलडीएल ३७ च्या आसपास गेलं, दीड वर्षात घट पुन्हा साधारण तेवढीच. औषधाशिवायचं गाजलेलं उदाहरण डीन ऑर्निश यांचं, १९९० चं. जवळजवळ बिनतेलाचा शाकाहार, चालणं, योगासनं, सिगारेट बंद, असं वर्षभर कडक पाळल्यावर अरुंदपणा सरासरी ४०.० टक्क्यांवरून ३७.८ वर आला. ही मोजपट्टी जवळ ठेवा. कोणी ९० दिवसांत ८० चे २० करून देतो म्हणाला, तर तो जगातल्या सगळ्यात जोरकस औषधांच्या कितीतरी पट पुढे गेल्याचा दावा करतोय, हे लक्षात येईल.

एक टक्का ऐकून हिरमुसायचं कारण नाही. गळती थांबली की भिंत वाळते, पोपडे पडायचे थांबतात, तसं एलडीएल उतरलं की थराचं झाकण जाड होतं आणि आतली सूज कमी होते. अनेक स्टॅटिन-चाचण्या एकत्र करून निघालेला हिशेब असा, की एलडीएल साधारण ३९ ने उतरलं की हृदय-मेंदूचे मोठे झटके सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात. जाता जाता एक सांगतो. स्टॅटिन घेणाऱ्यांचा कॅल्शियम स्कोअर (धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचा स्कॅनवरचा आकडा) कधीकधी वाढतो. मऊ थर घट्ट होत असल्याचीही ती खूण असू शकते. ‘गोळ्या घेऊन उलट वाढलं’ म्हणत गोळ्या बंद करणारे इथेच फसतात.

म्हणून सप्लिमेंट असो की तेल, त्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा : एलडीएल किती उतरतं, आणि झटके कमी झाल्याचं कुठे दिसलंय का?

कॅप्सूलच्या डब्या

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या ‘स्पोर्ट’ चाचणीत सुमारे १९० जणांवर हा प्रश्न थेट तपासला. २८ दिवस, एका गटाला रोसुव्हास्टॅटिनची सर्वांत लहान, ५ मिलिग्रॅमची गोळी, बाकीच्यांना माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल (वनस्पतींतलं कोलेस्टेरॉलसारखं द्रव्य), रेड यीस्ट राइस (बुरशीने आंबवलेला लाल तांदूळ) किंवा नुसती खोटी गोळी. गोळीवाल्यांचं एलडीएल जवळजवळ ३८ टक्क्यांनी उतरलं. सहाही सप्लिमेंट खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. लसणाच्या गटात तर एलडीएल थोडं वाढलंच. लसणाचं २००७ मध्येही स्टॅनफर्डला झालं होतं : कच्चा लसूण आणि दोन प्रकारच्या गोळ्या, सहा महिने, फरक शून्य. फोडणीला लसूण घाला, चटणीत वाटा, चवीला त्याला तोड नाही. औषध म्हणून पाकळ्या गिळत बसू नका.

माशाच्या तेलात लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात, म्हणून इथे जरा थांबू. डबीवर मोठ्या अक्षरात ‘१००० मिग्रॅ’ लिहिलेलं असतं. ते एकूण तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरात बहुधा ईपीए १८० आणि डीएचए १२० हे दोन ओमेगा-३ सापडतात, म्हणजे कामाचा माल ३००. रोज १ ग्रॅम ओमेगा-३ देऊन २०१८ मध्ये दोन मोठे अभ्यास आले. ‘असेंड’मध्ये मधुमेहाचे १५,४८० रुग्ण होते, ‘व्हायटल’मध्ये २५,८७१ माणसं. मुख्य निष्कर्षात दोन्हींत फायदा नाही. त्याच वर्षी ‘रिड्यूस-इट’ने मात्र झटके २५ टक्क्यांनी कमी दाखवले. पण ते होतं आयकोसापेंट इथाइल, शुद्ध केलेलं ईपीए, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध, रोज ४ ग्रॅम, तेही स्टॅटिन चालू असताना ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) चढं राहिलेल्यांना. तेवढं ईपीए साध्या कॅप्सूलमधून घ्यायचं तर रोज बावीस गिळाव्या लागतील. शिवाय त्या अभ्यासात तुलनेच्या गटाला खनिज तेल दिलं होतं आणि त्या गटाचं एलडीएल वाढलं, यावर वाद अजून मिटलेला नाही. २०२० च्या ‘स्ट्रेंग्थ’मध्ये ईपीए-डीएचएचं मिश्रण ४ ग्रॅम देऊनही काही हाती लागलं नाही. आणि या मोठ्या मात्रेला एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल होण्याचा, धोका वाढतो. माझं मत विचाराल तर मासे खाणाऱ्याने आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खावी. रवा लावून तेलात तळण्याऐवजी तिरफळ घालून कालवण करावं. कॅप्सूलचा खर्च तेवढ्यातच भागतो.

ज्याचं कौतुक कोणी करत नाही ते ईसबगोल. शाकाहारी, स्वस्त, आणि याचा परिणाम खरोखर मोजला गेला आहे. रोज १० ग्रॅम भुसीने एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं. भुसीचा चिकट गोळा आतड्यात पित्तरसातली आम्लं धरून ठेवतो आणि शौचातून बाहेर नेतो. यकृताला नवा पित्तरस करावा लागतो, त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. १० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिनबरोबर १५ ग्रॅम ईसबगोल दिलं, तर परिणाम २० मिलिग्रॅमच्या गोळीइतका दिसला होता.

घ्यायची पद्धत महत्त्वाची. पहिला आठवडा रोज ३ ग्रॅमच, नाहीतर गॅसने पोट फुगतं आणि माणूस चौथ्या दिवशी डबा माळ्यावर टाकतो. मग ५ ग्रॅम जेवणाआधी सकाळी, ५ ग्रॅम रात्री. भुसी हलकी असते, चमच्याचा अंदाज चुकतो. एकदा वजनकाट्यावर ५ ग्रॅम मोजून तुमच्या चमच्यात कुठवर येतात ते बघून ठेवा. २५० मिलि पाण्यात टाकायची, ढवळायची, मिनिटभरात प्यायची. फोन आला म्हणून ग्लास ठेवलात तर परत येईपर्यंत खळ झालेली असते. वर अर्धा ग्लास पाणी. कोरडी भुसी तोंडात टाकून घोटभर पाण्यावर ढकलायची नाही, ती अन्ननलिकेत फुगून अडकते. गिळायला त्रास असलेल्यांनी किंवा आतडं अरुंद असलेल्यांनी घेऊच नये. इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा, थायरॉइडच्या गोळीपासून चार. संत्र्याच्या चवीच्या पुडीत साखर किती आहे ते मधुमेह असणाऱ्याने आधी वाचावं.

ओट्स आणि जव यांचंही काम याच रीतीने चालतं. त्यातलं बीटा-ग्लुकन हे विरघळणारं फायबर रोज ३ ग्रॅम पोटात गेलं पाहिजे, म्हणजे कोरडे साधे ओट्स साधारण ७५ ग्रॅम. मसाला ओट्सचं छोटं पाकीट त्याच्या निम्मंच असतं, मीठ मात्र सढळ. प्लांट स्टेरॉल रोज २ ग्रॅम अन्नात मिसळून जेवणाबरोबर घेतले तर ८ ते १० टक्के घट बऱ्याच अभ्यासांत दिसली आहे. कॅप्सूलमधून मात्र ‘स्पोर्ट’मध्ये ती दिसली नाही, आणि झटके कमी झाल्याचा पुरावा कुठल्याच रूपात नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. गुग्गुळावर अमेरिकेत २००३ मध्ये १०३ जणांवर चाचणी झाली. आठ आठवड्यांत एलडीएल ४-५ टक्के वाढलं, काहींच्या अंगावर पुरळ उठलं. शिवाय गुग्गुळ प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम यांचं रक्तातलं प्रमाण घटवतो, म्हणजे हृदयाच्याच गोळ्यांच्या मुळावर. रेड यीस्ट राइसमधलं मोनॅकोलिन-के म्हणजे लोव्हास्टॅटिनच, फक्त किती ते डबीगणिक बदलतं आणि सोबत सिट्रिनिन नावाचं मूत्रपिंडाला घातक विष असू शकतं. स्टॅटिनला घाबरून स्टॅटिनच, पण न मोजलेलं घेण्यात शहाणपण नाही. व्हिटॅमिन ई ४०० युनिट ‘होप’ अभ्यासात कुचकामी ठरलं, आणि पुढे ‘सिलेक्ट’मध्ये पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला. नायसिनने (व्हिटॅमिन बी-३) आकडे सुधारतात, झटके कमी होत नाहीत, साखर बिघडते. नॅटोकायनेझ (आंबवलेल्या सोयाबीनमधलं एन्झाइम) रोज २००० युनिट तीन वर्षं देऊन मानेतल्या धमनीचा थर वाढायचा थांबला नाही. व्हिटॅमिन के-२ ने कॅल्शियम ‘हाडात परत जातं’ हे ऐकायला छान आहे, पण हृदयाच्या झडपेवरच्या कॅल्शियमसाठी ७२० मायक्रोग्रॅम देऊन बघितलं, फरक पडला नाही.

शिरेतून द्यायचं ‘किलेशन’, म्हणजे शरीरातले धातू बांधून बाहेर काढणारं औषध, बायपास टाळणारं म्हणून पॅकेजमध्ये विकलं जातं, तेही इथेच उरकतो. २०१३ च्या पहिल्या मोठ्या चाचणीत मधुमेहींना थोडा फायदा दिसल्यासारखा वाटला, म्हणून मधुमेही रुग्णांवरच ती पुन्हा केली. २०२४ मध्ये निकाल आला, फायदा नाही.

तेलाचा हिशेब

‘हार्टला चांगलं तेल’ विकत आणून ते आहारात वाढवणं, ही सर्वांत सर्रास चूक. तेलाचा फायदा अदलाबदलीत आहे. तूप, लोणी, वनस्पती, पाम यांच्या जागी असंतृप्त तेल आलं तर एलडीएल उतरतं. पोळीवर तूप तसंच ठेवून वर चमचाभर ऑलिव्ह ऑइल प्यायलं तर फक्त वजन वाढतं.

आधी किती, मग कुठलं. हृदयाचा त्रास असलेल्या बैठ्या माणसाने दिवसाला वरून घातलेलं तेल-तूप मिळून १५ ते २० ग्रॅमपर्यंत ठेवावं, म्हणजे चहाचे तीन ते चार चमचे. रोज मोजणं कोणाच्याच हातून होत नाही. सोपी युक्ती म्हणजे डब्यावर तारीख लिहायची. चौघांच्या घरात २० ग्रॅमने दिवसाचे ८० ग्रॅम होतात, तर पंधरा किलोचा डबा १८७ दिवस, म्हणजे सहा महिने पुरायला हवा. तीन महिन्यांत तळ दिसत असेल तर माणशी ४० ग्रॅम चाललंय, मग तेल कुठलंही असो. डबा किलोचा की लिटरचा ते बघून घ्या. लिटरभर तेल भरतं ९१० ग्रॅम, म्हणजे पंधरा लिटरचा डबा प्रत्यक्षात साडेतेरा किलोच्या आसपास. आणि भाजीत, कोशिंबिरीत पडणारं दाण्याचं कूटही हिशेबात धरा. २० ग्रॅम कुटात दोन चमचे तेल असतं.

आता कुठलं. खोबरेलात ९० टक्के संतृप्त चरबी, तुपात साठच्या वर, पाममध्ये जवळपास निम्मी. शेंगदाण्यात १७ ते २०, राइस ब्रानमध्ये वीस-बावीस, तिळात १५, करडईत दहाच्या आत. खोबरेलाबद्दल कोकण-गोव्याकडे हळवेपणा आहे, तो समजू शकतो, पण १६ चाचण्या एकत्र करून २०२० मध्ये आलेला निष्कर्ष स्पष्ट आहे : इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत एलडीएल सुमारे १० ने वाढतं. सोलकढी पिऊ नका असं कोणी म्हणत नाही, रोजची फोडणी मात्र दुसऱ्या तेलाची असावी.

शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल या आपल्या चारही तेलांत ओमेगा-३ नाहीच्या बरोबर. ते सोयाबीन तेलात सुमारे ७ टक्के आणि मोहरीच्या तेलात १० च्या आसपास सापडतं. म्हणून एक महिना शेंगदाणा, एक महिना सोयाबीन किंवा मोहरी, अशी पाळी ठेवलेली बरी. करडई आणि सूर्यफूल लवकर ऑक्सिडाइज होतात, ती तळणीला नकोत. तळायचंच असेल तर शेंगदाणा किंवा राइस ब्रान घ्या. तळणीचं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवायचं, पुन्हा कढईत नाही. हॉटेलांसाठी नियम आहे, तेल तापून बिघडताना तयार होणारी पोलर संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल टाकून द्यायचं. घरी यंत्र नसतं, पण तेल काळवंडलं, घट्ट झालं, टाकताच फेस धरू लागलं की समजावं.

‘लाकडी घाण्याचं’ लिहिलं की लिटरमागे भाव चढतो. वास आणि चव खरंच छान असते, काही उपयुक्त द्रव्यंही शाबूत राहतात. पण संतृप्त चरबीचं प्रमाण घाण्याने बदलत नाही. दाणा बुरशी लागलेला असेल तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तेलात उतरतं, तेव्हा घाणेवाल्याकडे आधी दाणे बघा. ‘शून्य कोलेस्टेरॉल’ या शिक्क्याला तर काडीचा अर्थ नाही. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच.

ऑलिव्ह ऑइलमागे स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’चा भक्कम आधार आहे. ७,४४७ माणसं, झटके साधारण ३० टक्के कमी, त्यातही मुख्यतः पक्षाघात. पण तिथे एक्स्ट्रा व्हर्जिन दिवसाला चार मोठे चमचे होतं, तेच त्यांचं रोजचं तेल होतं, सोबत डाळी, मासे, भाज्या. दुसऱ्या गटाला तेलाऐवजी रोज ३० ग्रॅम अक्रोड-बदाम-हेझलनट दिले, त्यांनाही जवळपास तेवढाच फायदा. आपल्याकडे स्वस्तात मिळणारं ‘पोमेस’ हे चोथ्यातून काढलेलं तेल, त्यावर तो प्रयोग झालेला नाही. परवडत नसेल तर मूठभर अक्रोड-बदाम चिवड्याच्या जागी खा.

जवसाचं तेल गरम करायचं नाही. काळी बाटली, फ्रिजमध्ये, उघडल्यावर महिनाभरात संपवायची. रंगासारखा वास आला की फेकायची. लाकडाला लावायचं अळशीचं तेल याच बियांचं असतं, पण त्यात वाळवणारी रसायनं असतात, हार्डवेअरच्या दुकानातलं चुकूनही पोटात नको. मला विचाराल तर तेलापेक्षा चटणी बरी. १०० ग्रॅम जवस मंद आचेवर चार-पाच मिनिटं, तडतडू लागेपर्यंत भाजा, पूर्ण गार करा, लसूण, सुकी मिरची, जिरं घालून भरड वाटा. मीठ बेताचं. अख्खं बी न पचता जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि वाटलेलं अख्ख्यापेक्षा लवकर खवट होतं, म्हणून एका वेळी एवढंच. रोज दीड मोठा चमचा चटणी म्हणजे साधारण १० ग्रॅम जवस. कॅनडात पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांपैकी एका गटाला रोज ३० ग्रॅम वाटलेलं जवस सहा महिने दिलं, तेव्हा त्यांचं वरचं ब्लड प्रेशर दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० ने कमी भरलं. यातलं ओमेगा-३ माशातल्यासारखं नसतं, शरीरात त्याचं ईपीए अगदी थोडं होतं. फायदा फायबरचाही आहे.

जिथे खरा अपघात होतो

दुधीचा रस. कडू दुधीत कुकुर्बिटॅसिन असतं. त्याने उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी आणि ब्लड प्रेशर एकदम कोसळणं इथपर्यंत मजल जाते, माणसं दगावली आहेत, आणि त्यावर उतारा नाही. रस काढण्याआधी कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा. किंचितही कडू लागला तर अख्खा दुधी फेका, साखर किंवा पुदिना घालून कडवटपणा झाकू नका. खरंतर शिजवून भाजी करा.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना वरून मोठ्या मात्रेचं माशाचं तेल, लसणाच्या गोळ्या, गिंको, नॅटोकायनेझ असं एकावर एक चढवलं की हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ शकतं. दात काढायला किंवा ऑपरेशनला जाताना या डब्यांची यादी डॉक्टरसमोर ठेवा. अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने के-२ असलेली कॅप्सूल घेतली तर गोळीचा परिणामच मारला जातो. गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारं पपनस ग्रेपफ्रूटच्या कुळातलं, त्यातही आतड्यात औषध मोडणारं एन्झाइम अडवणारी तसलीच द्रव्यं असतात. अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्याने ते टाळलेलं बरं. रोसुव्हास्टॅटिनला ती अडचण नाही.

सर्वांत मोठा अपघात म्हणजे रस सुरू केला म्हणून गोळ्या बंद करणं. स्टेंट बसवल्यावर पहिल्या काही महिन्यांत क्लोपिडोग्रेल मनाने सोडलं तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. बसल्या जागी छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा जड होणं, अशा वेळी काढा उकळत बसायचं नसतं, रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा.

काही सुरू करायचंच असेल तर एका वेळी एकच. आधी लिपिड प्रोफाइल, गोळीचा डोस जसा आहे तसा, मग सहा ते आठ आठवडे ते एकच, आणि पुन्हा त्याच लॅबमध्ये तपासणी. झटका येऊन गेलेल्यांसाठी युरोपीय लक्ष्य एलडीएल ५५ च्या खाली आहे, भारतीय लिपिड संघटनेचं ५० च्या खाली. ईसबगोलने ८० चे ७४ झाले तर ईसबगोल चालू ठेवा आणि उरलेल्या अंतरासाठी डोस वाढवायचा की इझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडायची, ते डॉक्टरला विचारा. कॅप्सूलने ८० चे ८१ झाले असतील तर ती डबी संपेपर्यंतही थांबायची गरज नाही.